वाऱ्याला आडवं

बोईसरच्या एका कारखान्यात कामगारांसाठी बनवलेला सुरक्षेचा धडा पहिल्यांदाच पडद्यावर दाखवला जात होता. मजकूर ज्ञानेश्वरीचा, चित्रं मनीषची. आवाज सांगत होता, "वायू गळला तर वाऱ्याला आडवं पळा." चित्रातली माणसं मात्र वाऱ्याबरोबरच, म्हणजे वायू जाईल त्याच दिशेने पळत होती. कामगार हसले आणि ज्ञानेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेजारच्या खोलीत जाताच तिने मनीषला धारेवर धरलं. "मजकूर बदलल्याचं कळवलं होतं मी. वाचता येत नाही का तुला?"

"माझ्याकडच्या मजकुरात नुसतं 'लांब पळा' आहे," मनीषही तडकला. "बदल मला कुणी कळवला?"

दोघांनी मागोमाग आलेल्या आपल्या वरिष्ठांकडे, शैलेश सरांकडे पाहिलं. सगळं माझ्यामार्फतच कळवायचं, हा नियम त्यांचाच होता.

"अरे हो, पुढे पाठवायचं राहिलं," सर मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले. "चित्रच तर आहे, बदलून टाका."

"सर, ते चित्र बघून माणूस पळणार आहे," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आजपासून मी आणि मनीष एकाच टेबलावर बसणार. विचारत नाहीये, सांगतेय."

तिने मनीषशेजारी खुर्ची ओढली. चित्र दुरुस्त झालं तरी तिचा राग उतरला नाही. मनीषची माफी मागायचं तिला चिंचणीला घरी पोचल्यावर सुचलं, तेव्हा तिने त्याला थेट फोन लावला.