धर्माजीच्या तोंडची सनई

मित्रांनो, मी एक जुनी सनई आहे. माणसाला थापा मारायला एकच तोंड असतं, मला सात भोकं आहेत. तेव्हा मी सांगेन त्यातलं निम्मं सोडून द्या. धर्माजीचं सांगेन ते मात्र धरून ठेवा.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी रेवदंड्याच्या कोळीवाड्याने मला घडवून घेतलं. अंग शिसवीचं, खालचा प्याला पितळेचा. मी कुणा एकाची नव्हते, गावकीची होते. नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत वाड्याचे म्होरके अंबाजी नाखवा यांच्या अंगणापासून थेट नारळ पाण्याला लागेपर्यंत माझा सूर तुटता कामा नये, असा रिवाज. ज्याच्या तोंडी तो तुटेल, त्याच्या हातून मी कायमची जायची.

पहिल्याच पौर्णिमेला मी धर्माजीच्या ओठांना लागले. काय दम होता त्या माणसाला! गालात वारा साठवून ठेवायचा, नाकाने श्वास घ्यायचा, सूर आपला अखंड चालू. एकदा त्याने ओहोटीला वाजवायला सुरुवात केली ती भरती येऊन गेल्यावरच थांबला. पापलेटं ऐकायला काठाशी यायची आणि कोळणी त्यांना जाळ्याविनाच टोपलीत भरायच्या. रेवसपर्यंतचे लोक लग्न काढताना आधी विचारायचे, "धर्माजी मोकळा हाय का?" नवरी मागाहून बघायचे.

मग त्याचा पुढचा एक दात पडला. तो हसला, मीही हसले. दुसरा पडला तेव्हा वारा ओठांच्या कोपऱ्यातून निसटू लागला. साठी उलटली आणि त्याच्या तोंडात नुसत्या हिरड्या राहिल्या. एका हळदीच्या मांडवात मासळी विकणारी वेणूबाई ओरडली, "काय रं धर्माजी, सनई वाजवतोस का चूल फुंकतोस?"

सगळा मांडव हसला. हळद लावलेला नवरदेवसुद्धा हसला. मित्रांनो, मला राग आला, पण वेणूबाईचा नाही. धर्माजीचा आला. माझी नाचक्की झाली ती त्याच्यामुळे.

त्याच्यामागे दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरायला हरेश्वर असायचा. त्याचाच शिष्य, तिशीचा गडी, नारळ दातांनी सोलणारा. तो म्हणाला, "काका, यंदाची पुनव मला दे."

"मी मेल्यावर घे."

"तवर पुनव थांबंल व्हय?"

हे ऐकून धर्माजीची बायको ठमाबाई उठली आणि रेवसच्या लाँचने नवऱ्याला मुंबईला घेऊन गेली. येताना त्यांनी कवळी आणली. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज घाला, तोंडाला सवय होऊ द्या. पण नवं धोतर सणाआधी कोण नेसतं? "झिजंल ना," असं म्हणून धर्माजीने ती डबीत जपून ठेवली. ठमाबाई रोज डबी उघडायची, कवळी फडक्याने पुसायची, परत ठेवायची. पौर्णिमेच्या दिवशी त्याने ती पहिल्यांदा तोंडात घातली.

अंगणातून निघालो. असा सूर मला दहा वर्षांत लागला नव्हता. वेणूबाई तोंडाला पदर लावून मुकाट्याने चालत होती. देवळापाशी कवळी हलली. त्याने जिभेने सावरली. वाळूत उतरल्यावर पुन्हा हलली. त्याने ओठ इतके आवळले की डोळ्यांतून पाणी आलं. मला थोडं हलकं वाजून त्याला सांभाळून घेता आलं असतं. मी घेतलं नाही. मला त्या दिवशी मिरवायचं होतं.

अंबाजी नाखवांच्या हातून सोनेरी नारळ सुटला आणि तो हवेत असतानाच धर्माजीच्या तोंडातून कवळी सुटली. दोन्ही एकदमच लाटेत पडली.

सूर तुटला. अख्खा किनारा पोट धरधरून हसला. तेवढ्यात लाटेने कवळी उचलून धर्माजीच्या पायाशी आणून ठेवली. ठमाबाई वाकली.

"हात लावू नको!" अंबाजी नाखवा ओरडले. "दर्याला दिलेलं परत घेयाचं न्हाय."

"अवो नाखवा, दिलं कुठं त्यानं? पडलं!"

"नारळासंगं गेलं म्हंजे दिलं. तू घेशील आणि आमच्या होड्या बुडतील."

मग कुणी हसलं नाही. पण कुणी ठमाबाईच्या बाजूनेही बोललं नाही. ती वाकलेलीच राहिली. हरेश्वरने मला धर्माजीच्या बोटांतून सोडवून घेतलं, धोतराला पुसलं आणि सूर तुटला होता तिथून पुढे उचलला. मी वाजले. खोटं कशाला सांगू, छान वाजले. पुढच्या लाटेने कवळी नेली.

आता धर्माजी दारात बसून असतो. पण माझी पत्ती, म्हणजे ओठांत धरायची ती छोटीशी जिभली, त्याच्यासारखी कुणाला बांधता येत नाही. म्हणून लग्नसराईत हरेश्वर मला घेऊन त्याच्याकडे जातो. नवी पत्ती कोरडी असते, ती आधी तोंडात धरून मऊ करावी लागते. धर्माजी ती हिरड्यांत धरतो. त्याचे डोळे मिटतात, गाल आपोआप फुगायला लागतात.

"काका, फुंकू नको," हरेश्वर म्हणतो. "नुसती भिजव."

तो भिजवतो. हरेश्वर ती त्याच्या ओठांतून काढून घेतो, पुसतो, मला लावतो आणि निघतो.

तर मित्रांनो, वाद्यांची निगा राखा. मला महिन्यातून एकदा खोबरेल लावा, ओल लागू देऊ नका, उंदरांपासून जपा. मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. आणि कधी धर्माजीच्या दारावरून गेलात, तर त्याच्या हातात एक पत्ती द्या. लगेच परत मागू नका.