पाण्याची पाळी

कन्हेरीच्या गेणबाला पाण्याचं कुणी शिकवायचं नाही. नीरेच्या पाटावरचा पाटकरी तो! कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं, पाटाचं दार पाडून ते कधी तोडायचं, सगळं त्याच्या हातात. बडे बागायतदारसुद्धा त्याला रामराम घालून पुढं जात. पण गडी तापट. दोन वर्षांमागं त्यानं चारचौघांत धाकट्या भावाच्या, सोपानाच्या थोबाडीत मारली, आणि सोपान तडक घाट उतरून गलबतावर खलाशी झाला.

आता त्यांची आई, भागूबाई, अंथरुणाला खिळली होती. तिनं एकच धोशा लावला, "सोपानाला आण. त्याचं त्वांड बघितल्याबिगर माझा जीव जायचा न्हाय."

म्हणून गेणबा सर्व्हिस मोटारनं घाट उतरला आणि सोपानाचं गलबत लागायचं त्या बंदरात सकाळी पोचला. तीच मोटार संध्याकाळी परत निघायची होती.

काय देखणं गाव हो ते! नारळी-पोफळी, लाल कौलं, चिरेबंदी पायऱ्या थेट खाडीपर्यंत. पण खाडीत पाणी कुठं होतं? नुसता चिखल, आणि त्यात कलंडलेलं एक गलबत.

धक्क्यावरची मासेवाली म्हणाली, "सोपान ना? त्याच गलबतावर आहे. जाऊन हाक मारा. पाणी आलं की सुटतील, ते चार महिन्यांनीच परत."

चिखल गुडघाभर होता. त्यात रुतत जाऊन धाकट्याच्या विनवण्या करायच्या? गेणबाला लाज वाटली. शिवाय पाणी सोडायचं म्हणजे आधी वर्दी लागते, पाळी लागते. एवढी खाडी भरायला दोन दिवस तरी हवेतच.

"मला पान्याचं सांगू नगंस, बाई," तो म्हणाला. "उतरंल त्यो दुपारपातूर." बाईनं पाटी उचलली नि ती चालू लागली.

मग गेणबा मजेत गाव हिंडला. शहाळं प्याला. देवळातल्या गार फरशीवर जरा पाठ टेकली, तर डोळाच लागला.

उठून येतो तर काय, पायऱ्या बुडालेल्या! खाडी तुडुंब, आणि गलबत पार लांब, शीड फुगवून निघालेलं. गेणबा कमरेइतक्या पाण्यात शिरून ओरडला, "सोपाना! आये बोलीवती रं!" शिडाखालचा एकही माणूस वळला नाही.

"पानी कुनी सोडलं?" परतलेल्या मासेवालीला त्यानं विचारलं.

तिला आधी हसूच आलं. मग त्याचं तोंड बघून ती गप झाली. "कोण सोडणार, बाबा? ते रोज दोनदा येतं."

तो घरी आला तेव्हा म्हातारीचे डोळे दाराकडंच लागलेले होते.

"भेटला?"

खरं सांगायला जीभ रेटेना. तिला तेवढंच समाधान, म्हणून तो बोलून गेला, "भेटला की, आये. झ्याक हाय."

म्हातारी त्याच्यामागं, मोकळ्या दाराकडं बघत राहिली. "मी बोलीवलंय म्हनून सांगितलंस?"

"व्हय."

"आन् तरी न्हाय आला?"

 गेणबानं मागं वळून दार लोटून घेतलं. भागूबाईनं भिंतीकडं तोंड केलं, ते काही पुन्हा इकडं वळलं नाही.