डोळे शेवटी

लग्नाच्या वाढदिवसाला लोक दागिना आणतात. आमच्या ह्यांनी अंगठ्याएवढी मीच घडवली! ह्यांचा नाद चिमुकले शिपाई रंगवायचा, बावीस वर्षं तोच उद्योग. या खेपेला माझी बाहुली केली आणि रंगाआधीचं करडं अस्तर मारून ठेवली. सकाळी आरशात बघते तर मी डोक्यापासून नखापर्यंत करडी! डोळेसुद्धा करडे.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"अस्तर आहे गं. आता थर चढतील."

थर म्हणजे दुधासारखा पातळ रंग, एक वाळला की दुसरा. आधी सावल्या, मग उजळ भाग, आणि दोन्हींमधली रेघ ओल्या कुंचल्याने विरवत न्यायची. मी ओरडले, "आटपा, रविवारी भाचीचं लग्न आहे!" घाईत त्यांनी एक थर जाड मारला, तर माझ्या हनुवटीखाली ढेकूळ आलं. ते खरवडताना अशा गुदगुल्या झाल्या की विचारू नका.

शनिवारपर्यंत गाल जमले, ओठ जमले. डोळे शेवटी, हा ह्यांचा नियम. त्यांनी आधी पांढरा ठिपका दिला आणि मला सगळं पांढरंफटक दिसायला लागलं.

"आता बुबुळं," हे म्हणाले.

वर वार्निश बसलं की तो रंग जन्माचा. आणि या माणसाने बावीस वर्षं भिंगातून शिपायांकडे बघितलं, माझ्याकडे कधी?

"कोणता रंग घेताय?"

कुंचला पाण्यात खळबळल्याचा आवाज तेवढा आला.

"सांगा तरी! की ठाऊकच नाही?"

"बोलू नकोस, हात हलतो."

मी रडकुंडीला आले. तेवढ्यात दिसायला लागलं. आरसा ओढला. घारे! डाव्या डोळ्यातला तपकिरी ठिपकासुद्धा जागच्या जागी.

"तुमच्या लक्षात होतं?"

"लक्षात कशाला ठेवायचं? हाताला सवय आहे."

मी भिंग हिसकावलं आणि फळीपाशी गेले. तीनशे शिपाई. दर आठवड्याला शिव्या घालत मीच त्यांची धूळ झटकते. एकेकाला भिंगाखाली धरलं. सगळे घारे. सगळ्यांच्या डाव्या डोळ्यात ठिपका.

"मेलं, एकदा तोंडाने सांगायला काय जात होतं?" मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

हे घाबरले. "अगं, रडू नकोस! वार्निश नाही लावलंय अजून, रंग ओघळेल!"