खुर्ची न हलवता

त्या रविवारी अण्णांनी उजव्या तर्जनीचं नख कापलं आणि घरात सगळ्यांना कळलं, पुढच्या रविवारी कॅरमचा सामना आहे. नख आठवडाभर आधी कापलं म्हणजे तोवर बेताचं वाढतं आणि स्ट्रायकरला बरोबर लागतं, असा त्यांचा हिशेब. अशा आठवड्यात ते पाण्याची बादली उचलत नसत. हात जड होतो म्हणत. आई नळावरून ओरडली, "राजे, निदान कळशीला तरी हात लावा." अण्णा हसले आणि डाव्या हाताने कळशी घेऊन आले.

मी सायखेड्याच्या शाळेत शिकवत होते. नवऱ्याची नोकरीही तिथलीच, म्हणून रविवारी एसटीने नाशिकला आईअण्णांकडे येत असे. दुपारी वाल्मीककाका आले. ते आमच्या वसाहतीतल्या मंडळाचे अध्यक्ष आणि एके काळचे कबड्डीपटू. गुडघा गेला तरी छाती काढून चालायचे. अण्णांचे जुने मित्र. दोघांचा वाद माझ्या लहानपणापासून चालू होता.

"पुंजारामभाऊ, खुर्चीवर बसून खेळतात तो खेळ असेल, तर आमच्या कचेरीतले सगळे साहेब खेळाडू," काका म्हणाले.

"तू कबड्डी कबड्डी ओरडत दम धरतोस. मी न ओरडता धरतो. एवढाच फरक."

हा नुसत्या थट्टेचा विषय नव्हता. दोघं एकाच कचेरीत कारकून. कबड्डीच्या संघाला तिथे खास रजा मिळे. अण्णा कॅरममध्ये जिल्ह्यात पहिले आले, तरी त्यांना स्वतःची किरकोळ रजा टाकावी लागली. बसून खेळायचं ते करमणुकीत मोडतं, असं त्यांना सांगण्यात आलं. त्याबद्दल ते कधी चिडून बोलले नाहीत. फक्त त्या दिवशी माझ्याकडे वळून म्हणाले, "तू एवढी पुस्तकं वाचतेस. तूच सांग, हा खेळ आहे की नाही?"

मी म्हटलं, तुमच्या दोघांच्या भांडणात मी पडत नाही. ते मान हलवून चहाकडे वळले. संध्याकाळच्या गाडीने मी परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना, चपला घालता घालता ते उंबऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत. निरोप शाळेत आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर होते.

पुण्यानुमोदनाला वसाहतीतलं विहार भरलं होतं. भन्तेजींचं वंदन आणि प्रवचन झालं, मग एकेक जण उठून अण्णांबद्दल बोलू लागला. शेवटी वाल्मीककाका उठले. थांबत थांबत त्यांनी जाहीर केलं, की मंडळ यंदापासून पुंजाराम निरभवणे यांच्या नावाने कबड्डीच्या स्पर्धा भरवणार. माझा मित्र जन्मभर बसून खेळला, आता त्याच्या नावाने मैदानावर खराखुरा खेळ होऊ दे, असं ते म्हणाले आणि डोळे पुसत खाली बसले.

त्यांच्या मनात प्रेमच होतं, हे मला दिसत होतं. लोक माना डोलावत होते. आत्ता मी गप्प बसले असते तर दरवर्षी अण्णांचं नाव फलकावर लागलं असतं आणि त्याखाली त्यांचा खेळ कधीच नसता.

मी उठले. आई बायकांमध्ये बसली होती. तिने मान वर करून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बोल."

मी मालेगावच्या सामन्याचं सांगितलं. लग्नाआधी मी अण्णांबरोबर तिथे गेले होते. शेवटची सोंगटी बोर्डाच्या अवघड कोपऱ्यात होती. खुर्ची हलवायची नाही, खुर्चीवरून उठायचं नाही, हा नियम. अण्णा कमरेतून एवढे वाकले की मानेवरची शीर तट्ट फुगली. श्वास थांबला होता. पाठीला सदरा चिकटला होता. सोंगटी गेली, आणि नंतर चहाचा कप धरताना तेच बोट थरथरत होतं. त्या बोटासाठी त्यांनी तंबाखू सोडली होती. त्या श्वासासाठी रोज पहाटे गंगापूर रोडने लांबवर चालून यायचे. हे वसाहतीत सगळ्यांनी पाहिलं होतं, पण कशासाठी ते कुणी विचारलं नव्हतं.

काका गुडघ्यावर हात टेकून पुन्हा उठले. मग भांडणातला नव्हे, अगदी साधा प्रश्न विचारावा तसं त्यांनी विचारलं, "पण पोरी, कॅरम ठेवला तर लोक त्याला क्रीडास्पर्धा म्हणतील का?"

"मी म्हणेन," मी म्हटलं. "पहिल्या डावाला माझ्यासमोर तुम्ही बसा, काका. अण्णांनी मला शिकवलंय. आणि फलकावर नुसतं नाव नको. खेळाडू पुंजाराम निरभवणे, असं लिहा. माझे अण्णा खेळाडू होते."