इंजिन फिरतं, पण पेटत नाही

मोजणीसाहेबांचा राग सकाळी गाडीवर होता, दुपारी मुलावर गेला आणि संध्याकाळी जिथे जायला हवा होता तिथे पोचला.

साहेब म्हणजे जमिनीची मोजणी करणारे. उभं आयुष्य दुर्बिणीला डोळा लावून लोकांच्या हद्दी ठरवल्या, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही गल्लीत नाव तेच राहिलं. गाडी त्यांच्यासारखीच जुनी, पण ठणठणीत. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. गेला आठवडाभर मात्र ती रुसून बसली होती. किल्ली फिरवली की इंजिन गरागरा फिरायचं, पण पेटायचं म्हणून नाव नाही.

मुलाचं म्हणणं एकच होतं. बाबा, भंगारात द्या. चहा पिता पिता तो हे इतक्या सहज म्हणाला की साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते म्हणाले, उद्या माझा गुडघा दुखला तर मलाही देशील. मुलगा डबा उचलून कामावर निघून गेला. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि बॉनेट उघडलं.

बॅटरी चांगली होती, नाहीतर इंजिन एवढं जोरात फिरलंच नसतं. टाकीत पेट्रोल होतं. मग राहिल्या दोन गोष्टी. एक तर ठिणगी पडत नसेल, नाहीतर पेट्रोल इंजिनपर्यंत येत नसेल. साहेबांनी एक प्लग काढला, वायर पुन्हा जोडून तो इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवला आणि बायकोला हाक मारली. किल्ली फिरवायला कुणीतरी हवं होतं.

ती पदराला हात पुसत आली, सीटवर बसली आणि सांगितलं तेव्हा किल्ली फिरवली. साहेब वाकून बघत राहिले. ठिणगी काही नीट दिसेना. त्यांनी हाताचा आडोसा केला, तरी दिसेना. पण चट्‌ चट्‌ असा आवाज स्पष्ट येत होता. ऊनच फार आहे, असं म्हणत त्यांनी कानावर विश्वास ठेवला आणि प्लग परत बसवला. बायको आत गेली.

म्हणजे पेट्रोल येत नव्हतं. किल्ली अर्धी फिरवली की मागच्या सीटखालचा पंप क्षणभर गुणगुणतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी किल्ली फिरवली आणि मागच्या सीटकडे कान दिला. चिडीचूप. सीट उचलून पंपाची वायर हलवून पाहिली, तर ती घट्ट होती. मग ते स्टिअरिंगखाली डोकं घालून उताणे पडले आणि फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं. झाकणावरची अक्षरं इतकी बारीक छापलेली, की छापणाऱ्याचा उद्धार करत त्यांनी घरातून भिंग आणवलं. भिंगातून नकाशा वाचत वाचत बोट पंपाच्या खाचेवर नेलं.

खाच रिकामी होती.

साहेब तसेच उताणे पडून राहिले. फ्यूज जळतो, काळा पडतो, सैल होतो. पण आपल्या पायांनी चालत डब्याबाहेर जात नाही. कुणीतरी तो काढला होता. आठवडाभर ते या गाडीपुढे घाम गाळत होते, आपलंच काही चुकतंय म्हणून स्वतःला विसरभोळा म्हणत होते, आणि घरातला कुणीतरी ते बघत होता.

कुणीतरी म्हणजे कोण, यात त्यांना शंका नव्हती. दिवसभर ते ओसरीत येरझाऱ्या घालत राहिले. जेवायला बसले नाहीत. मुलगा फाटक उघडून आत येतो न येतो तोच ते त्याच्यावर तुटून पडले. बापाला येडा ठरवायला निघालास, गाडी विकायची घाई झाली आहे, तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून चोरासारखा हात घालतोस. मुलगा खांद्यावरची पिशवीही न काढता उभा राहिला. आपण गाडीचं दारसुद्धा उघडलं नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. साहेबांना ते खोटंच वाटलं.

तेवढ्यात बायको बाहेर आली. तिने मूठ उघडून हात पुढे केला. तळहातावर फ्यूज होता.

"त्याला बोलू नका. मी काढलाय."

 साहेबांना सकाळचं आठवलं. "तू आत बसून किल्ली फिरवत होतीस! मी उन्हात वाकून ठिणगी शोधत होतो आणि तू..."

"हो. तुम्हाला ठिणगी दिसली का?"

त्यांचा राग उलट वाढला. आठवडाभर माझं माकड केलंस, असं ते म्हणाले. एक शब्द बोलली असतीस तर?

तेव्हा तीही चिडली. "बोलले होते. तुम्हाला नीट दिसत नाही, असं दोनदा बोलले. तुम्ही रेडिओ मोठा केलात. मागच्या आठवड्यात लेकरू कडेवर घेऊन एक बाई रस्ता ओलांडत होती, तुम्हाला ती दिसलीच नाही. मी ओरडले म्हणून ब्रेक लागला. घरी येऊन तुम्ही तिच्याच आगाऊपणाच्या गोष्टी सांगितल्यात. तिचा चेहरा मी बघितलाय, तुम्ही नाही."

फ्यूज कुठला काढायचा हे तिला कुणी सांगितलं, असं मुलाने हळूच विचारलं. यांनीच, ती म्हणाली. मागे एकदा पंप बंद पडला होता तेव्हा तासभर शिकवलं होतं.

साहेबांनी फ्यूज हिसकावला, खाचेत दाबला आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच फटक्याला पेटली. त्यांनी शेजारचं दार उघडून बायकोकडे पाहिलं.

"बस."

"नाही. मी आता तुमच्या शेजारी बसणार नाही."

साहेबांनी दार आपटलं आणि एकटेच बाहेर पडले. गल्लीच्या वळणावर डावीकडे काहीतरी निळं उभं होतं. ठेवलेली स्कूटर असावी, असं समजून ते पुढे निघाले, आणि ते निळं चालायला लागलं. त्यांनी करकचून ब्रेक दाबला. निळा शर्ट घातलेला एक म्हातारा गाडीपुढून सावकाश पलीकडे गेला आणि वाट दिल्याबद्दल हात वर करून हसला.

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.  साहेबांनी गाडी आहे तिथेच कडेला लावली आणि पायी घरी आले. राग उतरला नव्हता, फक्त आता त्याला उभं राहायला जागा नव्हती.

किल्ली त्यांनी मुलाच्या हातात कोंबली आणि गाडी वळणावरून घेऊन ये म्हणाले. मुलगा गेला. बायको ताट वाढत होती.

"डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "पण तू बरोबर यायचं नाहीस."

"मी येणार," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना सगळं खरं सांगणार नाही."

साहेब पानावर बसले. भूक लागली होती, म्हणून जेवले. पण मीठ हवं असूनही त्यांनी तिच्याकडे मागितलं नाही, आणि तिनेही ते आपणहून पुढे केलं नाही.