साखळीची कडी

"कडी मोकळी झालीये बघ, अ‍ॅनिका. म्हणजे दाढ येतेय वर," लोरेन म्हणाली आणि तिनं सोन्याच्या बारीक साखळीची एक कडी कापली.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या त्या गावात दातांना तारा लावणारा दवाखाना एकच. तिथं लोरेन डॉक्टर रेम्पेलच्या हाताखाली कितीतरी वर्षं होती. चौदा वर्षांच्या अ‍ॅनिकाची खालची दाढ हाडात अडकून बसली होती. हिरडी उघडून दाढेला साखळी चिकटवली होती आणि साखळी तारेला बांधली होती. दाढ वर येईल तशी साखळी सैल पडणार, मग कडी कापायची. खोटं कशाला बोलू, मुलांना चांगली बातमी देण्याचं ते काम लोरेनला फार आवडायचं. अ‍ॅनिकानं तर या तारांपायी वर्षभर शाळेच्या बँडमधलं, ओठांवर दाबून वाजवायचं ट्रम्पेट सोडलं होतं.

तेवढ्यात डॉक्टर नवा एक्सरे घेऊन आले.

"दाढ जागची हललेली नाही," ते म्हणाले. "हाडाशी एकजीव झालीये. काढावी लागेल."

अ‍ॅनिकाचा बाप आर्लेन ट्रक चालवायचा. शाळेत लोरेनच्याच वर्गातला. तो खुर्चीशेजारीच उभा होता. "लोरेन, अगं तूच सांगत होतीस ना, येतेय, येतेय? मागच्या खेपेला घरी केक केला आम्ही."

"मग कड्या कशा कमी झाल्या?" अ‍ॅनिकानं विचारलं.

"दाढ वर आली नाही, बाळा," डॉक्टर म्हणाले. " तिला ओढणारे शेजारचे दातच खाली गेले."

पोरीचे चांगले दात खाली बसत होते आणि लोरेन दर वेळी शाबासकी देत होती.

"आधी कळलं नसतं का हो?" आर्लेननं विचारलं.

"पहिल्या फोटोत नव्हतं दिसत. ओढून पाहिल्यावरच कळतं हे."

"आणि खाली गेलेले दात?"

"येतील जागेवर. वर्षभर तरी तारा ठेवाव्या लागतील."

आर्लेन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. म्हणजे अ‍ॅनिकाचं ट्रम्पेटही आणखी वर्षभर बंद.

"साखळी सोडव, लोरेन," म्हणून डॉक्टर पुढच्या खुर्चीकडे वळले.

लोरेनला माफी मागायची होती, पण कशाची ते तिला नीट सांगता येईना. तिनं चिमटा उचलला. अ‍ॅनिकानं न सांगता तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळू लागलं. ते पुसावं तर लोरेनचे दोन्ही हात तिच्या तोंडात गुंतले होते.