मुकादमाच्या तोंडचं कौतुक

"उतर सोजर, तुझं नाव नही," देवराम मुकादम म्हणाला, आणि पिकअपमधल्या सगळ्या बाया हसल्या.

सोजरबाईही हसली. ती सगळ्यांच्या आधी चढून कोपऱ्यातली आपली जागा धरून बसली होती. मांडीवर डबा, डब्यावर फडक्यात गुंडाळलेला वाकडा चाकू. फोपनारच्या पाण्याच्या टाकीखाली सकाळी सहाला गाडी उभी राहायची आणि चोवीस वर्षं तो कोपरा तिचा होता. मुकादमाला आज सकाळीच गंमत सुचली, एवढंच तिला वाटलं.

"मजाक नही करून राह्यलो मी." देवरामनं फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "बावीस नावं आली. तू नही त्यात."

"मंग चष्मा लावा ना भाऊ."

चष्मा त्यानं लावलेलाच होता. त्यानं यादी पुन्हा वरून खाली वाचली, मग खालून वर. गाडीतलं हसू हळूहळू विरलं.

"येऊ दे तिले तशीच, मी बोलतो गेटवर," तो ड्रायव्हरला म्हणाला.

ड्रायव्हर सुकलाल मागे वळला. "कोणाशी बोलसान? गेटवर कॅमेरा आहे. चेहरा पाहतो अन् फाटक खोलतो. यादीत नसलेला एक माणूस असला त सगळी गाडी अडते."

सोजरबाई कुणी हात द्यायच्या आधीच खाली उतरली. "मशीनची गलती असंल," देवराम म्हणाला. "उद्या ये." गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ती टाकीखाली उभी होती. चोवीस वर्षांत सकाळी साडेसहाला आपलं गाव कसं दिसतं, हे तिनं पाहिलंच नव्हतं.

मशीनची गलती नव्हती. मशीननं जे ऐकलं ते इमानदारीनं लिहून ठेवलं होतं, आणि सगळा घात तिथंच झाला होता.

सोजरबाईचं काम सांगायला सोपं आहे. केळीचा घड पॅकहाउसात आला की चाकूनं त्याच्या फण्या सुट्या करायच्या. चाकू जरासा चुकला की चीक फळावर ओघळतो, काळा डाग पडतो आणि ती फणी बाहेरदेशी जाणाऱ्या खोक्यात बसत नाही. सोजरबाई बोलत बोलत, शेजारणीची उणीदुणी काढत, घडाकडे न बघता फण्या उतरवायची आणि डाग औषधालाही सापडायचा नाही. सबंध पट्ट्यात असा हात नव्हता. हे देवरामला ठाऊक होतं, टोळीला ठाऊक होतं, आणि कुणीही ते कधी तोंडानं म्हटलं नव्हतं.

कारण या तापीकाठी चांगल्या कामाच्या माणसाचं चारचौघांत कौतुक करत नाहीत. एक तर दृष्ट लागते, आणि दृष्टीपेक्षा वाईट म्हणजे दुसरा मुकादम मागे लागतो. 'बाई सोन्यासारखी आहे' असं चहाच्या टपरीवर म्हणायचा अवकाश, आठवड्यात ती बाई खकनारच्या टोळीत दिसायची. देवरामला मुकादमकी देताना त्याच्या चुलत्यानं एकच गोष्ट शिकवली होती: ठेवायचा असेल त्याला नावं ठेव, घालवायचा असेल त्याची तारीफ कर. टोळीही यात तरबेज होती. नव्या सुनेला मुकादमानं पहिल्यांदा 'आळशी' म्हटलं की तिची सासू आळीत गूळ वाटायची.

खरं कौतुक आयुष्यात एकदाच व्हायचं, आणि ते ऐकायला माणूस नसायचा. दहाव्याला तापीच्या राजघाटावर, पिंडाला कावळा शिवला की मुकादम पुढे यायचा आणि गेलेल्याचं काम कसं होतं ते सांगायचा. बाया डोक्यावरून पदर ओढून ऐकायच्या. घरचे त्या चार वाक्यांसाठी थांबलेले असायचे.

तीन आठवड्यांपूर्वी पॅकहाउस चालवणाऱ्या कंपनीची रंजिता देवरामच्या ओट्यावर आली होती. खकनारचीच पोरगी, बोलायला गोड. "काका, आता कामावर कोणाला घ्यायचं ते एआय ठरवणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही फक्त एकेकाबद्दल बोला. मराठी पण समजतं तिला." तिनं फोन ओट्यावर ठेवला. टोळी भोवती जमली होतीच, फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"नमस्कार देवरामजी," फोनमधली बाई म्हणाली. "आपल्याला आत्ता वेळ आहे ना?"

एकतीस वर्षांत कंपनीतल्या कुणी त्याला हे विचारलं नव्हतं. मुकादम विरघळला. तो रंगात येऊन बोलू लागला.

"सोजरबाईंबद्दल सांगाल का?"

"सोजर? हात जड आहे बाईचा. तोंड जितकं चालते तितका चाकू चालला असता त काय पाह्यजे होतं! दयामाया म्हणून ठेवली, दुसरं काय."

इतकं तिखट तो कुणाबद्दलच बोलला नव्हता. शेजारणीनं सोजरबाईला कोपर मारलं आणि ती पदरात तोंड घालून लाजली.

"आणि दगा?"

देवरामनं मिश्या पुसल्या. दगा म्हणजे बाजाराला पिऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत न उठणारा गडी. त्याला कुणीतरी पळवून न्यावं म्हणून देवराम अकरा वर्षं झटत होता. "दगा लाख मोलाचा माणूस. टाईमचा पक्का. माझ्यामागं टोळी तोच सांभाळंल."

ओटा हसून लोटपोट झाला. दगा सगळ्यांत जास्त हसला. रंजिता खकनारची असली तरी आठवीपासून होस्टेलात राहिलेली, लोक कशाला हसतात ते तिच्या ध्यानात आलं नाही. फोनमधली बाई मात्र हसली नाही. "धन्यवाद, नोंद केली," एवढंच ती म्हणाली. त्या आवाजाला राग नव्हता, घाई नव्हती, आणि देवरामला तेव्हा तो फार सुसंस्कृत वाटला.

दुसऱ्या दिवशीही सोजरबाईचं नाव आलं नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी देवराम तिला घेऊन बसनं खकनारला गेला, हिरामण मुकादमाकडे. या हिरामणानं सोजरबाईला फोडण्यासाठी काय काय नाही केलं! लुगडी पाठवली, तिच्या भावाला मध्यस्थ घातला. देवराम त्याच्या सावलीला उभा राहत नसे.

"घे," देवराम म्हणाला. "घेऊन जा हिले तुझ्या टोळीत."

हिरामण त्याच्याकडे बघतच राहिला. "वीस वर्सं मागून राह्यलो त दिली नही. अन् आज स्वतः आणून देतो?" त्यानं घाईघाईनं फोन काढला, सोजरबाईचा चेहरा फोनला दाखवला. मग त्याचा चेहरा पडला. त्यानं फोन देवरामकडे वळवला.

लाल अक्षरांत लिहिलं होतं: शिफारस नाही. हात जड. बोलणे जास्त, काम कमी. दयेपोटी ठेवलेली. आणि त्याखाली: माहिती देणार देवराम, मुकादम, अनुभव एकतीस वर्षे.

"हे तुझ्या फोनात कसं आलं?"

"सगळ्या पॅकहाउसले एकच यादी आहे आता. इकडून तिकडून एकच." हिरामणानं आवाज खाली आणला. "मी वाचलं अन् मले लगेच समजलं, बाई किती कामाची आहे ते. इतकी निंदा तू कोणाचीच केली नसंल. पन मी वाचून काय फायदा? वाचते त ते फाटक."

पूर्वी एका मुकादमानं काढलं तर दुसऱ्याचं दार असायचं. भांडून गेलेली माणसंही चार गावं पलीकडे पोट भरत होती. आता चार गावांचं दार एकच झालं होतं आणि त्यावर देवरामच्याच तोंडची कडी पडली होती. परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला. मैलोगणती केळीच्या बागा होत्या आणि त्यातला एक घडही आता सोजरबाईचा नव्हता.

"तुम्ही वाईट नका वाटून घेऊ भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही त चांगलंच बोलले होते."

तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

रंजितानं दुसऱ्या दिवशी दोघांना पॅकहाउसच्या ऑफिसात बोलावलं. "पुन्हा बोलता येतं काका, एकदा चान्स मिळतो," ती म्हणाली आणि फोन टेबलावर ठेवला. "या वेळी सरळ बोला. जे खरं आहे ते."

देवरामनं दाराजवळ बसलेल्या सोजरबाईकडे पाहिलं. "तू बाहेर बस जरा."

"नाही काका, जिच्याबद्दल बोलायचं ती समोर लागते."

देवराम उभा राहिला. त्यानं टोपी काढली. कौतुक करायची त्याची एकच तऱ्हा होती आणि तिच्यासाठी लागणारा आवाजही एकच होता.

"सोजरबाई," तो म्हणाला, "हिच्यासारखा हात मी पाह्यला नही. चोवीस वर्सांत हिच्या फणीवर चिकाचा डाग नही. तापीचं पानी पॅकहाउसच्या पायरीले लागलं, सगळे पळाले, ही हातातला घड सोडवूनच उठली. बारा पोरींले हिनं चाकू धरणं शिकवलं, अन् एकीचंही बोट कापू नही दिलं. टोळी हिची होती. मी नुसता नावाचा मुकादम."

सोजरबाईनं कधी पदर डोक्यावर ओढून घेतला ते तिचं तिलाच कळलं नाही. ओल्या डोळ्यांनी ती जमिनीकडे बघत होती आणि आपल्या अंगावर पांघरूण घातल्याचा तिला भास होत होता. रंजिताचा चेहरा बदलला. तिच्या आजीच्या दहाव्याला, राजघाटावर, तिनं हाच आवाज ऐकला होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "मग त्या दिवशी ओट्यावर तुम्ही..."

"व्हय," देवराम म्हणाला.

"धन्यवाद देवरामजी," फोनमधली बाई म्हणाली. "आपली दोन विधानं एकमेकांशी जुळत नाहीत. आपण तेव्हा खरं बोलत होता, की आता?"

देवरामनं विचार केला. खोटं बोलायचं त्याच्या मनातही आलं नाही. "दोन्ही टाईमले," तो म्हणाला.

"नोंद केली."

रंजिता स्क्रीनवर वाचत राहिली. मग तिनं फोन पालथा ठेवला. "सोजरबाईंचं तसंच राहिलं काका. आणि तुमच्या नावापुढे पण आलंय. विश्वासार्ह नाही, म्हणून." ती घाईनं पुढे म्हणाली, "मी वर लिहिते ना."

"वर कोण आहे?"

रंजितानं त्या पालथ्या फोनकडे पाहिलं. तिचीही मुलाखत याच बाईनं घेतली होती, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा घेणार होती.

सोमवारी सकाळी देवरामचा फोन वाजला नाही. यादी दगाच्या खिशात वाजली.

दगा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, पावणेसहाला टाकीखाली आला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यानं अडखळत एकवीस नावं वाचली आणि फोन खाली केला. देवरामच्या नजरेला नजर द्यायचं त्याला धाडस होईना. सोजरबाई सवयीनं डबा घेऊन आलेली, रस्त्याच्या कडेला उभी होती.

"दगाजी," फोन म्हणाला, "टोळीतल्या कुणाबद्दल काही सांगायचं आहे का?"

दगा दारुडा होता, मूर्ख नव्हता. सोजरबाईचं काय झालं ते त्यानं पाहिलं होतं. त्यानं फोन तोंडाजवळ धरला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडून बोलू लागला.

"देवराम मुकादमासारखा माणूस होणे नही! कोणाच्या घरी मयत झाली, कोणी बाळंत झाली, त तिची जागा गाडीत रिकामी ठेवायचा, दुसऱ्याले बसू नही द्यायचा. मले दारुड्याले अकरा वर्सं वागवलं. एक दिवस उपाशी नही ठेवलं. असा माणूस..."

गाडीत एका बाईनं पदर डोक्यावर ओढला. मग दुसरीनं. मग सगळ्यांनीच. कुणी कुणाला सांगितलं नाही. देवराम टाकीखाली उभा राहून ऐकत होता. त्याचा हात आपोआप टोपीकडे गेला होता.

"धन्यवाद," फोन म्हणाला. "नोंद केली."

यादी एकवीसचीच राहिली. सुकलालनं गाडी सुरू केली. मागे दोन जागा रिकाम्या होत्या आणि त्यांवर कुणी सरकून बसलं नव्हतं. गाडी गेली, धूळ खाली बसली, तरी देवराम तसाच उभा होता. आपलं सगळं सांगून झालं, आता काय उरलं, ते त्याला समजत नव्हतं.

सोजरबाई रस्ता ओलांडून त्याच्यासमोर आली. तिनं डोक्यावरचा पदर खाली ओढून खांद्यावर टाकला.

"उभे काय राह्यले खांबासारखे?" ती करवादली. "असा कामचोर मुकादम मी जन्मात पाह्यला नही. एकतीस वर्सं नुसते गाडीत बसून गेले अन् बसून आले. आळशी कुठले! चला घरी."

देवरामनं टोपी नीट बसवली.

"तुझाही हात जडच," तो म्हणाला.

दोघं गावाच्या दिशेनं चालू लागले. सोजरबाईच्या हातात भरलेला डबा होता, आणि डब्यावर फडक्यात गुंडाळलेला चाकू.